पाय आखूड टाक

डोळखांबच्या पलीकडे डोंगराच्या पोटात एक पाडा आहे. सडकेपर्यंत यायचं तर आधी ओहोळ, मग चढ, मग कातळ. ऐन आवणीच्या दिवसांत तिथली एक बाई अडली. टेकाडावर जाऊन रेंज मिळवली, १०८ला फोन लागला. गाडी सडकेवर येऊन थांबणार, तिथवरचं तुमचं तुम्ही बघा. शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना यात नवल नाही. याच तालुक्यातली भातसा आणि तानसा ही धरणं मुंबईची तहान भागवतात, आणि त्याच डोंगरांतली बाळंतीण झोळीतून दवाखान्याची वाट धरते. ते दुखणं वेगळं, आपण कथेकडे वळू.

घोंगडीची झोळी बांधली, बांबू ओवला. बाईचा दीर मुरबाडला बी.एस्सी.ला होता. उंचापुरा, तालमीत कमावलेलं अंग. त्याने पुढचं टोक धरलं आणि आपल्यासारखेच तीन तगडे गडी निवडले. पाड्यातला म्हातारा आबा म्हणाला, "मी येतो खांदा द्यायला."

"आबा, तुमचं काम नाय आता."

आबा काही बोलला नाही. डोक्यावर इरलं घेतलं आणि मागून चालू लागला.

ओहोळापर्यंत झोळी पळत गेली. चढ लागला आणि बिनसलं. पुढचा पोरगा लांब ढांग टाकी, बांबूला हिसका बसे, मागच्यांचे पाय चिखलात सरकत. ते सावरून जोर लावीत तोवर हा आणखी पुढे गेलेला. ताकद चौघांची, पण ओझं खरं तर एकट्याच्याच खांद्यावर; बाकीचे बांबूला लोंबकळल्यासारखे. अर्ध्या चढात त्याचा खांदा सोलवटून निघाला आणि झोळीतून कण्हणं वाढलं.

"खाली ठेवा," आबा म्हणाला. मग स्वतः पुढे झाला आणि पोराला आपल्या मागे घेतलं. "चढाला पाय आखूड टाक. वझं जड लागलं का आनखी आखूड. मागल्याचा श्वास कानाशी आला पायजे."

झोळी मुंगीच्या पावलांनी चढली, पण एकदाही थांबली नाही. संध्याकाळी शहापूरच्या दवाखान्यात मुलगी झाली.

व्हरांड्यात चहा पिताना पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आबा, तुम्ही सांगितलंत ते आमच्या अभ्यासात आहे." पेशी म्हणजे काय हे आबाला समजावण्यात अर्धा चहा संपला. पुढचं मात्र सोपं गेलं.

पेशीत मोठा माल आपोआप इकडून तिकडे जात नाही. सूक्ष्मनलिकांच्या बारीक वाटांवरून प्रथिनंच तो ओढून नेतात. त्यातलं कायनेसिन हे जोरकस. १९८५ मध्ये अमेरिकेत वुड्स होलला माकूळ माशाच्या जाडजूड चेतातंतूत ते सापडलं. एका पावलात ८ नॅनोमीटर जातं, म्हणजे मिलिमीटरचा सव्वा लाखावा भाग, आणि प्रत्येक पावलाला एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्च करतं. सहसा ते बाहेरच्या दिशेने चालतं. आत, पेशीच्या मध्याकडे ओढणारं ते डायनिन. हे अगदीच दुबळं. एकट्याची ओढ कायनेसिनच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी. पाऊलही धड नाही, कधी लांब, कधी आखूड, कधी चक्क मागे.

तरी पांढऱ्या पेशीने जंतू गिळला, की त्याचं गाठोडं आत पचवायला नेण्याचं अवजड काम या दुबळ्यावरच पडतं. कायनेसिन उलट ओढत असतं, तरी बऱ्याचदा डायनिनची टोळी जिंकते. कशी, याचा माग काढण्यात रूप मलिक या भौतिकीतून जीवशास्त्रात आलेल्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. २००४ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मोकळं असताना डायनिन २४, ३२ नॅनोमीटरच्या ढांगा टाकतं, पण ओझं वाढलं की पाऊल ८ वर येतं. पुढे मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, त्यांच्या गटाने पेशींना प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी गिळायला लावले आणि आत वाहून नेला जाणारा मणी लेझरच्या किरणाने धरून ठेवला, म्हणजे कोण किती ओढतं ते मोजता यावं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेलं त्यांचं उत्तर असं: पुढच्या डायनिनवर भार जास्त येतो म्हणून त्याचं पाऊल आखडतं, तेवढ्यात मागची येऊन भिडतात आणि भार सगळ्यांत वाटला जातो. कायनेसिनला हे साधत नाही. भार आला तरी त्याची ढांग तेवढीच, त्यामुळे टोळी केली तरी पुढचं ओढत राहतं आणि मागची मागेच.

आबाने कप खाली ठेवला. "म्हंजे तो ताकदवाला फुकटच?"

"नाय आबा. मणक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत चेतातंतूतून माल तोच पोचवतो. हातभराहून लांब वाट. तिथं त्याच्यावाचून चालत नाय."

"मंग बाजाराला त्यालाच धाडायचा," आबा म्हणाला. "झोळीला मागं उभा करायचा."

पोरगा हसला. सोलवटलेल्या खांद्याला हळद मागायला तो नर्सबाईंकडे गेला. त्यांनी मलम दिलं आणि वर, एवढा चढ चढून आलात तर रक्तगटही तपासून घ्या, वहिनीला लागेल कदाचित, असं सांगितलं. आबाने आपलाही हात पुढे केला.