घर सोडलेल्या गाण्याची ओढ

गतकालाविषयीची ओढ ज्या वस्तूंभोवती घोटाळते त्या वस्तूंना स्वतःला गतकालाविषयी काय वाटत होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आणि विचारलाच तर त्याचे उत्तर पुष्कळदा त्या ओढीलाच अडचणीत आणणारे निघते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण गोऱ्या वादकांनी दुसरे महायुद्ध संपता संपता जे एक नाचरे, धावते गीत उभे केले, ज्याला ‘कंट्री बूगी’ असे नाव पडले आणि ज्याच्या पोटी दहा वर्षांच्या आत रॉकबिली जन्माला आली, त्याविषयी आज लास व्हेगासपासून लंडनपर्यंत जी हळवी भक्ती आढळते, तिची गत नेमकी अशी आहे. भक्तांना जुने गाव हवे आहे. ज्या गाण्याची ते भक्ती करतात ते मात्र त्या गावातून निघून चाललेल्या माणसांचे होते, आणि निघाल्याचा त्याला विशेष खेद झालेला दिसत नाही.

हे ध्यानी येण्यासाठी त्याच्या आधीचे ग्रामीण गीत कसे होते ते पाहावे लागते. १९२५ साली नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम या नभोवाणी केंद्रावरून जो कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नावाने घराघरांत पोहोचला, त्याचे आणि त्या काळच्या ध्वनिमुद्रिकांचे मुख्य भांडवल घराची आठवण हेच होते: डोंगरातले लाकडी खोपटे, वाट पाहणारी म्हातारी आई, अकाली गेलेले लेकरू. त्या कार्यक्रमाचा सूत्रधार जॉर्ज हे याने तर चांगला कोट-टाय घालून येणाऱ्या वादकांना शेतकऱ्याचा वेश चढविला आणि त्यांच्या ताफ्यांना रानटी गमतीची नावे दिली. ‘पॉसम हंटर्स’ या ताफ्याचा प्रमुख हम्फ्री बेट हा प्रत्यक्षात रीतसर पदवी घेतलेला वैद्यकीय व्यावसायिक होता. तेव्हा स्मरणरंजन हा या संगीतावर नंतरच्या पिढ्यांनी चढविलेला लेप नव्हे. तो त्याचा मूळचाच धंदा होता, आणि बूगीने जर काही केले असेल तर हा धंदा काही वर्षे बंद ठेवला.

बूगीचा उगम पियानोत आहे, आणि तो पियानोही काही दिवाणखान्यातला नव्हे. टेक्सासच्या पूर्व भागातील आणि आसपासच्या मुलखातील लाकूडतोडीच्या व टर्पेंटाइनच्या छावण्यांत कृष्णवर्णीय मजुरांसाठी जे गुत्ते असत, तेथे एखादा फिरस्ता वादक रात्रभर एकट्याने नाच चालवीत असे. त्याचा डावा हात चार ठोक्यांच्या घरात आठ स्वरांची एकच चढती-उतरती साखळी न थकता फिरवीत राही आणि उजवा हात तिच्यावर वाटेल तशा खोड्या काढी. ताल धरण्यासाठी दुसरा माणूस ठेवण्याची ऐपत नसलेल्या जागी डाव्या हाताने ही चाकरी पत्करली, इतका तो सरळ व्यवहार आहे. आणि त्या साखळीत रेल्वेच्या रुळांचा खडखडाट ऐकू येतो असे जे म्हणतात, तेही खोटे नाही, कारण त्या छावण्या रेल्वेच्याच आधाराने वसलेल्या होत्या. पाइनटॉप स्मिथने १९२८च्या डिसेंबरात शिकागो येथे या वादनाची मुद्रिका केली व पुढील वर्षी एका नाचघरात गोळी लागून तो मेला. त्या मुद्रिकेनंतर दहा वर्षांनी, १९३८च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये अल्बर्ट अमन्स, मीड लक्स लुइस आणि पीट जॉन्सन या तिघांनी तीच चीज प्रतिष्ठितांपुढे वाजविली, आणि बूगीचे वेड देशभर पसरले.

ही डाव्या हाताची साखळी गिटारीच्या जाड तारांवर उतरविणे, एवढेच ग्रामीण वादकांचे नवे कर्तृत्व म्हणता येईल. पण ते लहान नव्हे. जॉनी बारफील्डने १९३९ साली तसा प्रयत्न केला, १९४५ साली आर्थर स्मिथच्या ‘गिटार बूगी’ने गिटार शिकणाऱ्या मुलांना कायमचा गृहपाठ देऊन ठेवला, आणि १९४६ साली अलाबामातील एल्कमाँट गावच्या ऑल्टन व रेबन डेलमोर या बंधूंनी ‘हिलबिली बूगी’ व ‘फ्रेट ट्रेन बूगी’ या मुद्रिका काढल्या. हे दोघे कुळाने शेती करणाऱ्या घरातले, प्रार्थनागीतांवर वाढलेले, आणि त्यांचा युगुलस्वर इतका मवाळ की, शेजारच्या खोलीत मूल निजले आहे असे वाटावे. त्या मवाळ स्वराखाली ती बूगीची साखळी धावू लागली की जे घडते ते ऐकण्यासारखे आहे: वर दोन सज्जन माणसे हळू आवाजात बोलत आहेत आणि खाली गाडी सुटलेली आहे. रॉकबिलीतील आरडाओरडा ज्यांना रुचत नाही (मी त्यांपैकी एक), त्यांनी तेथून मागे येऊन डेलमोर बंधू ऐकावेत.

गाडी केवळ रूपक नव्हती. १९३३ साली अलाबामातीलच बोआझ गावचे मॅडॉक्स कुटुंब, आईबाप आणि पाच मुले, मालगाड्यांत चोरून बसत कॅलिफोर्नियास पोहोचले व मोडेस्टोच्या परिसरात फळे तोडण्याच्या कामास लागले. चार वर्षांनी तेच भावंडांचे मंडळ, अकरा वर्षांच्या रोझला गायिका करून, नभोवाणीवर गाऊ लागले. युद्धकाळात विमानांच्या कारखान्यांत आणि जहाजबांधणीच्या गोद्यांत कामासाठी दक्षिणेतील माणसे पश्चिम किनाऱ्यावर लोटली. हातात रोकड, पाळ्यांचे काम, आणि शनिवारी रात्री भरून वाहणारी नाचघरे. तेथल्या गलबल्यात म्हाताऱ्या आईचे गाणे ऐकू येणेच शक्य नव्हते. फ्रेड मॅडॉक्स आपल्या उभ्या बास वाद्याची तार पट्टीपासून ओढून सोडी, ती लाकडावर चटकन आपटे, आणि मधल्या रिकाम्या जागी तो तळहाताने पट्टीवर थाप मारी. त्यामुळे एकाच वाद्यातून खालचा स्वर आणि ढोलाचा ठोका दोन्ही निघत. पुढे ज्याला रॉकबिलीचा प्राण मानले गेले, तो हा चटका. १९५० साली निघालेले टेनेसी अर्नी फोर्डचे ‘शॉटगन बूगी’ चौदा आठवडे ग्रामीण गीतांच्या यादीत अग्रस्थानी होते. त्याने ते कॅलिफोर्नियात राहून गाइले, हे ‘मुळांचा’ शोध घेणाऱ्यांनी विसरू नये.

शिवाय या सगळ्यामागे काही अगदी रुक्ष, दप्तरी कारणेही आहेत, आणि मला ती कथेइतकीच मनोरंजक वाटतात. १९४१ साली गीतकारांच्या जुन्या संघटनेशी दरावरून बिनसल्यामुळे नभोवाणी केंद्रांनी तिच्या गाण्यांवर कित्येक महिने बहिष्कार घातला, आणि स्वतःच काढलेल्या बीएमआय या नव्या संस्थेत ग्रामीण व कृष्णवर्णीय रचनाकारांना दार उघडले. १९४२ साली वादकांच्या संघाने मुद्रणाचा संप पुकारला, मोठ्या कंपन्या अडून बसल्या आणि लहान माणसांना बाजारात शिरण्यास मुभा मिळाली. त्याच वर्षी युद्धामुळे लाखेची टंचाई होऊन सरकारने तबकड्यांसाठी लागणारी लाख सत्तर टक्क्यांनी कापली. ही लाख आपल्याकडची. छोटा नागपूरच्या पळस-कुसुमांवरून खरडलेली आणि कलकत्त्याच्या बंदरातून गेलेली. नॅशव्हिलचे रडणे काय आणि मेम्फिसचे नाचणे काय, दोन्ही आमच्याच किड्यांच्या कमाईवर फिरत होती, एवढा हिशेब नोंदवून पुढे जातो.

१९४३ साली सिनसिनाटीत सिड नेथन याने काढलेली ‘किंग’ ही कंपनी अशा लहान माणसांपैकीच. ब्रूस्टर ॲव्हेन्यूवरील तिच्या एका इमारतीत गाणे मुद्रित होई, तबकडी दाबली जाई, लेबल छापले जाई आणि माल गाडीत भरला जाई. आणि गोऱ्यांसाठीची ग्रामीण गाणी व कृष्णवर्णीयांसाठीची गाणी, जी इतरत्र वेगळ्या खात्यांत पडत, ती येथे एकाच दारातून बाहेर पडत. नेथनला समाजसुधारणेची हौस होती असे नव्हे; ज्या गाण्याचे हक्क आपल्या हाती आहेत ते दोन्ही बाजारांत विकले गेले पाहिजे, एवढी त्याची व्यापारी बुद्धी होती. हँक पेनीचे ‘ब्लडशॉट आइज’ त्याने वायनोनी हॅरिसकडून पुन्हा गाऊन घेतले. १९४९ साली निघालेल्या आणि डेलमोर बंधूंना अग्रस्थानी नेणाऱ्या ‘ब्लूज स्टे अवे फ्रॉम मी’ या गीताच्या चार कर्त्यांत हेन्री ग्लोव्हर हे नाव आहे: हा किंगचा कृष्णवर्णीय निर्माता, पूर्वी लकी मिलिंडरच्या ताफ्यात ट्रम्पेट वाजविणारा. गोऱ्या ग्रामीण गीताची दिशा ठरविणारा माणूस ज्या गावांत त्याचा माल विकला जाई तेथल्या खानावळीत बसून जेवू शकला नसता.

येथे स्मरणरंजनाची खरी उणीव दिसते. त्याला जमिनीसारखा सातबारा हवा असतो, वर एका मालकाचे नाव असलेला. आणि या संगीताची वहिवाट ज्यांनी केली त्यांची नावे उताऱ्यावर चढलीच नाहीत. हँक विल्यम्सला रूफस पेन या रस्त्यावर गाणाऱ्या वादकाने शिकविले. मून मलिकनला गिटार दाखविली ती जो जोन्स नावाच्या शेतमजुराने. कार्ल पर्किन्सला टेनेसीच्या कापसाच्या शेतात जॉन वेस्टब्रुकने. केंटकीचा आर्नल्ड शुल्त्झ तर बिल मन्रोच्या घडणीत आणि मर्ल ट्रॅव्हिसच्या बोटांत, दोन्हीकडे पोहोचतो. तो १९३१ साली वारला, त्याचे एकही मुद्रण नाही. हे सर्व कृष्णवर्णीय. डीफोर्ड बेली हा माउथ ऑर्गनवर हुबेहूब आगगाडी वाजविणारा कलावंत ऑप्रीच्या आरंभीच्या लोकप्रिय वादकांपैकी. दौऱ्यावर डेलमोर बंधू त्याच्या सोबतीला असत. १९४१ साली त्याला कार्यक्रमातून काढून टाकण्यात आले, आणि पुढे त्याने नॅशव्हिलमध्ये बूट पॉलिशचे दुकान चालविले. पाच वर्षांनी बूगीच्या मालगाड्या धावू लागल्या तेव्हा त्यात त्याला बाकडे नव्हते.

म्हणून १९५४ सालचा ५ जुलै ही रॉकबिलीची जन्मतिथी, आणि मेम्फिसमधील ७०६ युनियन ॲव्हेन्यू हे जन्मस्थान, ही जी पंचांगातील नोंद सांगितली जाते ती मला सोयीची वाटते, खोटी वाटत नाही. त्या रात्री सॅम फिलिप्सच्या मुद्रणाच्या खोलीत एल्विस प्रेस्ली, स्कॉटी मूर आणि बिल ब्लॅक हे तिघेच होते, ढोल नव्हता. ब्लॅकच्या बासचा चटका आणि दुसऱ्या फीतयंत्रावरून निमिषभर उशिरा परत येणारा प्रतिध्वनी यांनी खोली भरली. तबकडीच्या एका बाजूस आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकाचे १९४६चे गीत आले, दुसऱ्या बाजूस बिल मन्रोचे ‘ब्लू मून ऑफ केंटकी’, मूळच्या तीन ठोक्यांच्या संथ चालीतून उचलून चार ठोक्यांवर पळविलेले. परंपरेचा एवढा कडवा रखवालदार मन्रो. त्याने काय केले? दोन महिन्यांत आपलेच गीत पुन्हा मुद्रित केले, निम्मे जुन्या चालीत आणि निम्मे त्या पोरांच्या. मूळ पुरुषाला मूळरूपाची एवढी फिकीर नव्हती. ती वाहण्याचे काम पुढे संग्राहकांनी पत्करले.

आणि त्यांनी ते मन लावून केले, हेही मान्य करावयास हवे. रॉकबिलीचा बहर तीन-चार वर्षांत ओसरला, कंपन्यांनी माल मोडीत काढला, आणि गायक पोटापाण्याच्या उद्योगांना लागले. मॅडॉक्स भावंडांचे गाणे पुन्हा बाजारात आणले ते ख्रिस स्ट्राखविट्झने, जो स्वतः १९४७ साली जर्मनीतून निर्वासित होऊन अमेरिकेस आला होता. १९७५ साली जर्मनीतच रिचर्ड वाइझेने ‘बेअर फॅमिली’ ही संस्था काढून विस्मृत गायकांची समग्र मुद्रणे तपशीलवार टिपणांसह प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. कॅलिफोर्नियात रॉनी वाइझर या इटलीहून आलेल्या तरुणाने शाळामास्तर झालेल्या रे कॅम्पीला शोधून काढले आणि घरातच त्याचे नवे मुद्रण केले. १९७६च्या मे महिन्यात लंडनच्या रस्त्यांवर लांब कोटांच्या टेडी बॉइजचा मोर्चा बीबीसीवर गेला, मागणी एवढीच की, रॉक अँड रोलचा एक कार्यक्रम द्या. आणि तो मिळाला. यांपैकी बहुतेकांनी कापसाचे शेत डोळ्यांनी पाहिले नव्हते. परक्याच्या आठवणीत राहावयास जाण्याचा हा सोस मला पूर्वी हास्यास्पद वाटे. आता वाटत नाही, कारण ज्यांच्या त्या आठवणी होत्या त्यांनी त्या फेकून दिल्या होत्या आणि फेकण्यास त्यांच्याजवळ सबळ कारणे होती. ज्याने उन्हात बोटे सोलेपर्यंत कापूस वेचला, तो कापसाच्या दिवसांचे देव्हारे कशाला माजवील?

रेबन डेलमोर १९५२च्या डिसेंबरात कर्करोगाने वारला. रॉकबिली त्याने ऐकलीच नाही. ऑल्टनने ती ऐकली. तो हंट्सव्हिल येथे स्थायिक झाला. एकेकाळचे ते कापसाचे गाव आता अग्निबाणांच्या कारखान्यांनी भरले होते. तेथे तो मुलांना थोडीफार गिटार शिकवी, मिळेल ते किरकोळ काम करी आणि फावल्या वेळात कथा व आत्मचरित्र लिही. १९६४ साली तो वारला. त्या वर्षाच्या आरंभीच इंग्लंडचे चार तरुण, कार्ल पर्किन्सची गाणी पाठ करून, न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरले होते. ऑल्टनचे आत्मचरित्र छापून यावयास १९७७ साल उजाडले, तोपर्यंत युरोपातील संग्राहक त्याच्या तबकड्यांना चांगली किंमत देऊ लागले होते.