वाघीण, चितळ आणि फडावरची कोपी

बसऱ्याच्या विद्वानांनी दहाव्या शतकात लिहिलेल्या ‘इख्वानुस्सफा’च्या रिसाल्यांत एक खटला आहे. जनावरं जिन्नांच्या बादशहापुढे माणसाविरुद्ध फिर्याद मांडतात: हा आमचा मालक कसा झाला? मौलवी इकराम अलींनी 1810 साली त्याचा उर्दू तर्जुमा केला, म्हणून उर्दू शिकलेल्यांना हे प्रकरण परकं नाही. आज तो दरबार सांगली-साताऱ्याच्या डोंगरात भरला, तर फिर्यादी कोण आणि आरोपी कोण, हे ठरवताना बादशहाची पंचाईत होईल.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे दक्षिणेकडून काही नर वाघ आपल्या पायांनी इथे आले, मादी मात्र आली नाही. म्हणून नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबाची एक वाघीण पकडून, गळ्यात रेडिओ कॉलर बांधून चांदोलीत आणली. तिला तारा म्हणतात. असे एकूण आठ वाघ आणायला परवानगी आहे.

वाघ आणायचा तर त्याचं भक्ष्य हवं. ते कुठून आलं? काही चितळं आली सागरेश्वरहून. देवराष्ट्र्याजवळच्या उजाड डोंगरावर धों. म. मोहित्यांनी माणसं जमवून झाडं वाढवली, हरणं आणली, अभयारण्य उभं राहिलं. पण हरणांना खाणारं कुणी नव्हतं. ती वाढली आणि शिवारात घुसू लागली. मग त्यांतली काही पकडून चांदोलीत सोडली. ज्यांना आपण वाचवलं, त्यांनाच वाघापुढे नेऊन सोडलं. हा जुलूम आहे का? मला तसं वाटत नाही. चांदोलीतलं चितळ पळू शकतं, पिल्लं वाढवू शकतं. वाघाला ते कमवावं लागतं. याउलट डिसेंबर 2025 मध्ये वनमंत्री गणेश नाईक यांनी बिबट्यांसाठी जंगलात शेळ्या सोडण्याची कल्पना मांडली, ती मनाला पटत नाही. गोठ्यातल्या शेळीला जंगलात पळायचं कुठे हेही ठाऊक नसतं. कुर्बानीच्या बकऱ्याबद्दल आपल्याला दरवर्षी जाब विचारणारे या शेळ्यांबद्दल काय म्हणाले, ते काही माझ्या कानावर आलं नाही.

काहीजण म्हणतात, निसर्गात ढवळाढवळ नको, अल्लाहची मखलूक अल्लाहच्या हवाली करा. ऐकायला बरं वाटतं. पण कोयनेला आणि वारणेला धरणं आपणच बांधली, गावं उठवली, नदीकाठी मैलोगणती ऊस लावला. त्या उसात बिबट्याची मादी विते. आता हात काढून घेणं म्हणजे निव्वळ अंग काढून घेणं.

मात्र हात घालायचा तो अकलेने. 2001 पासून जुन्नर भागात बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चारावरून सतरावर गेलेले दिसले. एका गावची बला दुसऱ्या गावच्या दारात! आणि जे बिबटे सोडता येत नाहीत, ते माणिकडोहच्या केंद्रात पिंजऱ्यात जन्म काढतात. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिने मांजरीला खायला दिलं नाही, आणि स्वतःचं शोधून खायला मोकळंही सोडलं नाही. त्यातल्या दुसऱ्या गुन्ह्याकडे आपलं लक्ष कमी जातं. सरकारी पिंजऱ्यात मांस वेळेवर मिळतं, पण ती मोकळीक मिळत नाही. माणसावर पुन्हा पुन्हा हल्ला करणारा बिबट्या कोंडावा लागतो, प्रसंगी मारावाही लागतो, हे मी मान्य करतो. पण निव्वळ गावाजवळ दिसला म्हणून त्याला जन्मठेप, हा इन्साफ नव्हे.

वाघ वाढले की बिबटे जंगलाच्या कडेला सरकतात, हे जंगलात काम करणारे सांगतात. कडेला शिराळा आहे, पाटण आणि कराड आहे, आणि हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोपी आहेत. वाघ पुण्या-मुंबईच्या माणसालाही हवा असतो, पण पहाटे अंधारात फडात उतरते ती तोडकरीण, आणि तिचं लेकरू बांधावर झोपलेलं असतं. वाघ आणायचा खर्च मांडताना या कोपीचं दार, दिवा आणि आडोशाचा संडास त्यात धरला पाहिजे. तारा कुठे आहे हे कॉलरवरून कळतं. तिच्या जंगलाच्या कडेच्या फडांवर या हंगामात किती मुलं उघड्यावर झोपतात, याचीही नोंद त्याच कचेरीत असायला हवी.