सुरगाठ आणि निरगाठ

मराठीने गाठीला दोन नावे दिली आहेत. टोक ओढताच सुटते ती सुरगाठ. नखे झिजली तरी सुटत नाही ती निरगाठ. आमच्या बेलापूरच्या प्रवराकाठी गोठ्यात वाढलेल्या पोराला हा भेद पुस्तकातून शिकावा लागत नाही. रात्री आग लागली, जनावराच्या गळ्याला फास बसला, तर अंधारात एका हिसक्यासरशी दावे सुटले पाहिजे, एवढा हिशेब त्यामागे असतो. ज्याला बांधायचे त्याच्या सुटकेचा विचार बांधतानाच करावा काय, असा प्रश्न या हिशेबात दडलेला आहे. तो नीतीचा प्रश्न आहे आणि दिसतो त्याहून अवघड आहे, असे आम्हांला वाटते.

यंत्रयुगातील सुरगाठ म्हणजे मोटारीच्या सुरक्षापट्ट्याचे बक्कल. स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचे अभियंता निल्स बोलिन यांनी 1959 साली खांदा व कंबर दोन्ही धरणारा तीन टोकांचा पट्टा सिद्ध केला, आणि कंपनीने त्याचे एकस्व इतर मोटार-उत्पादकांनाही खुले ठेवले. बोलिन त्यापूर्वी साब कंपनीत, संकटकाळी वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत होते. माणसाला घट्ट धरावे कसे आणि योग्य क्षणी मोकळे करावे कसे, हे दोन्ही प्रश्न अशा कामात एकत्रच भेटत असणार.

या बक्कलाविषयी संयुक्त राष्ट्रांची 16 क्रमांकाची नियमावली आहे. एरवी अशी नियमावली रुक्ष असते. पण हिच्यातील काही अटी आम्हांला मनन करण्याजोग्या वाटल्या. पट्ट्याच्या पट्टीने किमान 1,470 डेकान्यूटन, म्हणजे सुमारे दीड टनाचा ताण सोसला पाहिजे. मात्र धडकेच्या चाचणीनंतर, पट्टा ताणलेला असतानाच, बक्कल उघडण्यास 6 डेकान्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे सहा किलोच्या भारापेक्षा, अधिक जोर लागता कामा नये. बसलेल्याला ते कोणत्याही एका हाताने, एका दिशेच्या एकाच साध्या हालचालीने सोडता आले पाहिजे. कळ तांबडी हवी, आणि बक्कलाचा दुसरा कोणताही भाग तांबडा नसावा.

दीड टन धरायचे आणि सहा किलोंनी सोडायचे! हे साधते कसे? खटक्याची जीभ पट्ट्याच्या ओढीला आडवी बसते. पट्टा कितीही ओढला गेला, तरी ती ओढ बोटावर येत नाही. बोटाला फक्त स्प्रिंग आणि घर्षण यांच्याशी झगडावे लागते. ही युक्ती शोधणारा कारागीर आपल्या कामाच्या मेजावर बसून अपघातात सापडलेल्या, त्याला कधीही न भेटणाऱ्या माणसाचा विचार करतो. त्या माणसाचा एक हात मोडला असेल, गाडी उलटून तो पट्ट्यावरच लोंबकळत असेल, धुराने डोळे मिटले असतील. त्याच्या उरलेल्या एका हाताची शक्ती किती, हे माप धरून सारे आखायचे. परोपकार हा शब्द आपण बहुधा दानधर्मापुरता वापरतो. या कामाला तो लावण्यास आम्हांला संकोच वाटत नाही.

एका हाताची ही अट फार जुनी आहे. शब्बाथाच्या दिवशी कोणती गाठ बांधणे वा सोडणे हे निषिद्ध काम होय, याची चर्चा यहुदी धर्मशास्त्राच्या मिश्नाह या संग्रहात आहे. उंटवाल्यांची आणि नावाड्यांची गाठ निषिद्ध, कारण ती कायमची. रब्बी मेयर यांचे मत मात्र असे की, जी गाठ एका हाताने सुटते तिच्याबद्दल दोष लागत नाही. त्यांच्या लेखी ती पुरती गाठच नव्हती.

इथेच खरा आक्षेप उभा राहतो. सहज सुटते ती गाठ कसली? ख्रिस्ती वाचकाला विवाहबंधन आठवेल, आणि सैल गाठीचे कौतुक या पानांवर कशाला, असेही वाटेल. त्यावर आमचे म्हणणे एवढेच की, विवाहात माणूस आपल्या वचनाने स्वतःला बांधून घेतो. पट्टा हे वचन नव्हे, ते साधन आहे, आणि साधनाला वचनाचा मान देऊ नये. तरीही आक्षेपात तथ्य आहे. हवाई छत्रीचे बक्कल आकाशातच सुटले तर मृत्यू निश्चित, आणि पाण्यात पडल्यावर सुटले नाही तरी मृत्यूच. म्हणून अर्व्हिन कंपनीच्या जुन्या बक्कलात दोन क्रिया ठेवल्या होत्या: आधी चकती फिरवायची, मग तिच्यावर ठोसा मारायचा. चुकून सुटू नये, पण ठरवले तर अडू नये, असा तो बेत होता.

धरून ठेवणाऱ्या दोराचे मोल आमच्या शेजारच्या नेवासे तालुक्याने 2024 मध्ये पाहिले. वाकडी गावात शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत एक मांजर पडले. त्याला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे करीत पाच जण विषारी वायूने दगावले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा वर ओढला गेला आणि वाचला. तेव्हा बंधनाचा तिटकारा हे काही शहाणपण नव्हे. अलीकडे पट्टा न लावताच गाडीतला इशारा बंद पाडणाऱ्या खोट्या जिभा बाजारात आल्या होत्या. त्या विकणाऱ्या पाच इ-व्यापार कंपन्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये आदेश काढले. बक्कलाला फसवून आपण कोणाला फसवतो, हे त्या गिऱ्हाइकांना कळत नसेल असे नाही.

आतापर्यंत आम्ही ज्याच्या त्याच्या हाती सुटका असलेल्या बंधाविषयी बोललो. ज्याला स्वतः सुटता येत नाही, त्याचे काय? मोटारीतील बालआसनाची 44 क्रमांकाची नियमावली पाहा. तिथे बक्कल उघडण्यास 40 न्यूटनपेक्षा कमी जोर लागता कामा नये, आणि 80 पेक्षा अधिकही नको. खालची मर्यादा लेकराच्या बोटांसाठी, वरची आईच्या किंवा अनोळखी वाटसरूच्या बोटांसाठी. लेकराचे स्वातंत्र्य काढून घेतले आहे खरे, पण ते कोणाच्या तरी हाती सोपवून काढून घेतले आहे.

उसाच्या गाडीचा बैल याच जातीचा. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, हरिगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना चालला, आणि बैलगाड्यांची रांग हे आमच्या मुलुखाचे हिवाळी चित्र झाले. जू मानेवर, दोन्ही बाजूंना शिवळा, आणि गळ्याखालून शिवळेत अडकवलेली जुपणी. उभ्या बैलाची जुपणी पोरगाही काढतो. परंतु गाडी कालव्यात कलंडली आणि बैलाचे सारे अंग त्या दोरावर आले, की तोच फेरा निरगाठ होतो; कारण ओढ आणि सुटण्याची वाट एकाच दिशेला असते. ताणाखाली सुटावे ही मोटारीच्या बक्कलाची अट जुपणीला कोणी घातली नाही. बैल तक्रार करीत नाही, हे त्याचे एक कारण असावे. ऊसतोड्याच्या हाताशी कोयता असतो, आणि पुष्कळदा तीच त्या मुक्या जिवाची कळ ठरते.

माणसेही अशी बांधली जातात. तामिळनाडूतील एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी जखडलेले होते. 28 जण मरण पावले. त्यांना बांधणाऱ्यांच्या मनात क्रौर्यच होते असे आम्ही म्हणत नाही. रुग्ण पळू नये, त्याने स्वतःला इजा करू नये, हा हेतू बालआसनाच्या हेतूहून फार दूर नाही. भेद इतकाच की, ती साखळी आगीत कोण सोडील आणि किती वेळात, हे कोणी ठरवले नव्हते. पुढे 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास मनाई केली.

लूकच्या शुभवर्तमानात अठरा वर्षे वाकलेल्या स्त्रीची कथा आहे. प्रभूने तिला शब्बाथदिवशी मोकळे केले, तेव्हा सभास्थानाच्या अधिकाऱ्याने कामाचे सहा दिवस दाखवून दिले. अठरा वर्षे थांबलेली बाई आणखी एक दिवस थांबू शकली असती. अधिकाऱ्याचे गणित चूक नव्हते. प्रभूने उत्तरादाखल गोठ्यातले दावे पुढे केले: बैलाला पाण्यावर नेण्यासाठी शब्बाथालाही तुम्ही सोडताच ना? सुटका कधी करायची हे बांधलेल्याच्या तहानेवरून ठरते, सोडणाऱ्याच्या सवडीवरून नव्हे, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो.

आमच्या घरांतही हा प्रश्न येतो. आजीला विसर पडू लागला आहे, ती एकटी रस्त्यावर जाते. हरिगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सारे घर निघते आणि बाहेरून कुलूप लागते. आम्ही ते कुलूप लावणाऱ्यांना दोष देणार नाही; दुसरा उपाय प्रत्येक घराला परवडतोच असे नाही. मात्र किल्ली खिशात घालून गर्दीत जाण्यापेक्षा शेजारणीकडे द्यावी, आणि शक्य तर कुलपाऐवजी बाहेरून नुसती कडी लावावी. कडी शेजारचे आठ वर्षांचे पोरही काढू शकते.