नारळ देण्यापूर्वी

कामात कमी पडणाऱ्या माणसाला नारळ केव्हा द्यावा, हा प्रश्न हल्ली अप्रेझलच्या तक्त्यावर सोपवून मालक मोकळे होतात. मुळात तो न्यायाचा प्रश्न आहे आणि बौद्ध संघापुढे तो फार पूर्वीच उभा राहिला होता. अट्ठकथा सांगतात की चुल्लपंथक नावाच्या भिक्खूला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक स्वतः अर्हत. त्याच्या मनात आकस असणे शक्य नव्हते. तरी त्यानेच धाकट्याला विहार सोडायला सांगितले. बुद्धाने त्याला थांबवून घेतले, हातात एक स्वच्छ फडके दिले आणि ते चोळत बसायला सांगितले. फडके मळत गेले तशी अनित्यता त्याला उमगली आणि तोही अर्हत झाला. ही गोष्ट करुणेची म्हणून सांगतात; मला ती मोजमापाची वाटते. गाथा खरोखरच येत नव्हती, म्हणजे महापंथकाचा हिशेब बरोबरच होता. चुकले ते माप. संघाचे काम चित्तशुद्धीचे, पाठांतर हे त्याचे केवळ एक साधन. निर्वैर माणूससुद्धा साधनालाच साध्य धरून बसतो, तिथे तिमाहीच्या आकड्यांनी धास्तावलेल्या मॅनेजरची काय कथा! म्हणून माणूस मापात बसला नाही एवढ्यावरून त्याला काढण्याची वेळ येत नाही. माप कामाचेच आहे ना हे तपासून, काम वेगळ्या रीतीने देऊन पाहिल्यावरच ती येते.

प्रत्येक कामचुकार चुल्लपंथक नसतो, असे कुणी म्हणेल. खरे आहे, आणि संघही माणसे काढत असे. मैथुन, चोरी, मनुष्यवध आणि अलौकिक सिद्धीचा खोटा दावा या चार पाराजिकांनी भिक्खूपण तिथेच संपे. मंद बुद्धी मात्र त्या यादीत नाही. दोष आणि असमर्थता यांतली हीच रेघ १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यानेही ओढली: शिस्तभंगाची शिक्षा कामगारकपातीच्या व्याख्येबाहेर ठेवली आणि वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यायला लावला.

याहून अवघड आक्षेप सहकाऱ्यांचा आहे. एकाला सांभाळून घ्यायचे म्हणजे त्याच्या फायली शेजारच्या टेबलावर जाणार. दया साहेबाची, घाम दुसऱ्याचा. ही तक्रार रास्त आहे, आणि तिच्यामुळेच सुधारणेची मुदत आधी सांगितलेली असावी, त्या काळातला जादा भार कंपनीने उचलावा आणि मुदत सरल्यावर चालढकल करू नये. विहार म्हणजे कंपनी नव्हे, हेही मान्य. पण तो फरक मालकाच्या बाजूने पडत नाही. चुल्लपंथक परतला असता तर राजगृहात धनाढ्य आजोबांचे घर होते. नोकरी गेलेल्या कारकुनामागे बहुधा घरकर्जाचे हप्ते असतात. तेव्हा विहारात जेवढी तपासणी झाली, तिच्याहून कंपनीतली अधिक कसून व्हायला हवी.