रणांगणातील मरण आणि ख्रिस्ती विवेक

मुलाला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत पाठवावे की नाही, हा प्रश्न पुण्यातील कॅथलिक कुटुंबांना नवा नाही. २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला, त्यामुळे तो आता मुलींच्या आईवडिलांनाही पडतो. वडील शिस्तीविषयी आणि शाश्वतीविषयी बोलतात, आई बहुधा मौन धरते, आणि मग मुलगाच धीर करून विचारतो: सैनिकाने शत्रूला मारले तर ते पाप ठरते का? घाईघाईने दिलेल्या होकाराने वा नकाराने या प्रश्नाचे समाधान होत नाही. म्हणून दोन माणसांच्या चरित्रांच्या आधारे या प्रश्नाचा थोडा सावकाश विचार करावा, असे आम्हांस वाटते.

पुण्याच्या ख्रिस्तसभेला हा विषय परका मानता येणार नाही. १८५० साली उभे राहिलेले आपले सेंट पॅट्रिक कॅथीड्रल प्रामुख्याने छावणीतील आयरिश कॅथलिक शिपायांच्या उपासनेसाठी बांधले गेले. त्या वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्या पहिल्या भाविकांत बंदूक बाळगणारे पुष्कळ होते.

ज्या दोन वीरांविषयी लिहावयाचे ते दोघेही ख्रिस्ती नव्हते; परंतु दोघांचेही पुण्याशी नाते होते, आणि दोघेही पुण्याचे नाव धारण करणाऱ्या 'पूना हॉर्स' या पलटणीचे होते. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बर्झोरजी तारापोर यांचा जन्म १९२३ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला, आणि शिक्षण पुण्याच्या सरदार दस्तुर शाळेत. प्रथम ते हैदराबाद संस्थानच्या फौजेत होते. संस्थान विलीन झाल्यावर ते 'पूना हॉर्स'मध्ये आले. सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट विभागातील लढाईत ते या पलटणीचे प्रमुख होते. ११ सप्टेंबरला फिल्लोरा येथे जखमी झाले असता मागे जाण्यास त्यांनी नकार दिला. पुढचे पाच दिवस ते त्याच स्थितीत लढत राहिले आणि १६ सप्टेंबर रोजी बुटुर-डोग्रांदी येथे त्यांच्या रणगाड्यावर तोफगोळा येऊन पडला. त्यांना परमवीर चक्र देण्यात आले.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यातच झाला. १९६७ साली ते खडकवासल्यास दाखल झाले, जून १९७१ मध्ये 'पूना हॉर्स'मध्ये अधिकारी झाले, आणि अवघ्या सहा महिन्यांत, १६ डिसेंबर १९७१ रोजी, बसंतर नदीकाठच्या जरपाल येथील लढाईत पडले. वय २१ वर्षांचे. रणगाड्याने पेट घेतल्यावर तो सोडून देण्याची आज्ञा वरिष्ठांनी बिनतारी यंत्रावरून केली, तेव्हा आपली तोफ अजून चालते आहे, आपण रणगाडा सोडणार नाही, असे त्यांनी कळविले. त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडील तोफाही थांबल्या. एक दिवस निभावला असता तर तो मुलगा घरी आला असता! त्यांनाही परमवीर चक्र मिळाले.

आता प्रश्न असा की, ही मरणे आम्ही कोणत्या दृष्टीने पाहावीत? राष्ट्रीय उत्सवांतील भाषणांत आम्हां ख्रिस्ती लोकांच्या तोंडी एक वचन सहज येते: मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही, या अर्थाचे प्रभू येशूचे वचन. ते सैनिकाला लावण्यापूर्वी जरा थांबावे. ज्याने ते उच्चारले त्याने प्राण दिले, परंतु कोणाचे घेतले नाहीत. सैनिक प्राण देतो आणि घेतोही. तारापोर यांच्या पलटणीने त्या दिवसांत शत्रूचे सुमारे ६० रणगाडे नष्ट केले, स्वतःचे ९ गमावले, असे त्यांच्या गौरवपत्रात नमूद आहे. एकेका रणगाड्यात चार-पाच माणसे असतात. त्या माणसांनाही घरे होती, आणि त्यांच्याही घरी तार गेली असणार. स्मारकाच्या शिळेवर दिलेल्या प्राणांची नावे कोरलेली असतात; घेतलेल्या प्राणांची नोंद तेथे नसते. ख्रिस्ती विवेकाने मात्र दोन्ही हिशेब समोर ठेवले पाहिजेत.

तर मग सैनिकाचा पेशाच निषिद्ध मानावा काय? शुभवर्तमानात तसे आढळत नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले तेव्हा त्याने त्यांना शस्त्र टाकावयास सांगितले नाही. कोणाला लुबाडू नका आणि आपल्या पगारात समाधान माना, एवढेच सांगितले. कफर्णहूमच्या शताधिपतीच्या विश्वासाचे प्रभूने कौतुक केले. 'पूना हॉर्स' ज्या रणगाड्यांतून १९६५ आणि १९७१ साली लढली त्यांचे नाव 'सेंचुरियन', म्हणजे शताधिपतीच! त्या रोमी अधिकाऱ्याचे शब्द आम्ही प्रत्येक मिस्साबलीत, ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी, आपले म्हणून उच्चारतो. परंतु हेही विसरू नये की गेथसेमनी बागेत पेत्राने तलवार उपसली, तेव्हा ती म्यानात घालण्याची आज्ञा त्याच प्रभूने केली.

ख्रिस्तसभेची शिकवण या दोन टोकांच्या मधून वाट काढीत आली आहे. संत थॉमस अक्विनास यांनी न्याय्य युद्धाच्या तीन अटी सांगितल्या: योग्य सत्ता, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू. संत ऑगस्टीन यांनी त्याआधीच बजावले होते की न्याय्य युद्धदेखील शहाण्या माणसाला दुःखच देते, आणि ज्याला त्याचे दुःख होत नाही त्याची माणुसकी हरपली आहे. पोप पॉल सहावे यांनी डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईस आले असता, शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग गरिबांसाठी द्यावा, अशी साऱ्या राष्ट्रांना विनंती केली. वर्षही सरले नाही तोच आपल्या सीमेवर तोफा धडाडल्या. तारापोर पडल्यावर तीन आठवड्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९६५ रोजी, त्याच पोपमहोदयांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे युद्ध कायमचे थांबविण्याची कळकळीची याचना केली. आणि ७ डिसेंबरला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आपल्या दस्तऐवजात सांगितले की देशसेवेसाठी शस्त्र धरणाऱ्याने स्वतःला जनतेच्या सुरक्षिततेचा व स्वातंत्र्याचा सेवक मानावे. तसे त्याने कर्तव्य केले तर तो शांततेलाच हातभार लावतो. त्याच परिषदेने असेही म्हटले की आंधळे आज्ञापालन ही अन्यायी कृत्याची सबब होऊ शकत नाही.

म्हणजे सैनिकाचा मान त्याच्या सेवेत आहे, त्याच्या संहारशक्तीत नव्हे. केवळ धैर्य म्हणाल तर ते दरोडेखोराजवळही असते. न्यायाची साथ नसलेले धैर्य अधर्माचे साधन होते, हे संत अँब्रोज यांचे मत आपण ध्यानी धरावे. तारापोर जखमी असताना माघारी गेले नाहीत, कारण त्यांची माणसे पुढे होती. आपण पडलो तर रणभूमीवरच आपले दहन करावे, प्रार्थनेचे पुस्तक आईला द्यावे, सोनसाखळी पत्नीला, अंगठी मुलीला आणि फाउंटन पेन मुलाला द्यावे, असे त्यांनी सहकाऱ्यास सांगून ठेवले होते, असे सांगतात. या निरवानिरवीत द्वेषाचा एक शब्द नाही. ज्याला प्रार्थनेच्या पुस्तकाची आठवण राहते, त्याच्या हातून शस्त्र चालले तरी त्याचे मन शस्त्राच्या स्वाधीन झालेले नसते.

परंतु आमच्या मते या विषयावरील सर्वांत मोठे प्रवचन रणांगणावर झालेच नाही. ते तीस वर्षांनी एका यजमानाच्या घरी झाले. अरुणचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, २००१ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, सरगोधा हे आपले मूळ गाव पाहण्यास पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचा पाहुणचार ब्रिगेडियर ख्वाजा मोहंमद नासेर यांनी केला. घरच्या मंडळींनी कशाचीही उणीव भासू दिली नाही. निघण्याच्या आदल्या रात्री यजमानांनी सांगितले की बसंतरच्या लढाईत आपणच समोर होतो, आणि तुमचा मुलगा आपल्याच हातून पडला. बापाने ते ऐकून घेतले. तेही सैनिकच होते. समोरच्यानेही आपले कर्तव्य केले हे त्यांना कळत होते. ते मनात वैर न ठेवता परतले.

ज्याने कबुली दिली त्याला ती देण्याची कोणती गरज होती? मौन राखले असते तर कोणास कळले नसते. कबुलीसंस्काराची महती जाणणाऱ्या आम्हां लोकांना त्या माणसाचे मन ओळखता यावे. हुकूम पाळला, कायद्याने दोष नाही, देशाने पाठ थोपटली. तरीही एका तरुणाचा मृत्यू तीस वर्षे हृदयावर ओझ्यासारखा राहिला. ऑगस्टीन ज्या दुःखाविषयी बोलतात ते हेच. आणि शत्रूवर प्रीती करा, ही जी आज्ञा आम्हांला अशक्य वाटते, ती एका वृद्ध बापाने, ख्रिस्ताचे नाव न घेता, परक्या घरात पाळून दाखविली.

तेव्हा त्या मुलाला आम्ही काय सांगावे? जा म्हणावे, पण द्वेष बरोबर नेऊ नकोस. आज्ञा पाळ, पण विवेक कोणाच्या हवाली करू नकोस. निःशस्त्रावर, शरण आलेल्यावर हात उचलण्याचा हुकूम झाला तर नाही म्हणण्याचे धैर्य तुझ्यापाशी असू दे. तेही शौर्यच आहे. आणि दुर्दैवाने तुझ्या हातून कोणी पडलाच, तर त्याच्यासाठी प्रार्थना करण्याची लाज बाळगू नकोस.

आम्हां मागे राहणाऱ्यांचेही एक कर्तव्य आहे. येत्या २ नोव्हेंबरला आपण आपल्या मृतांच्या कबरींवर मेणबत्त्या लावू. त्या दिवशी एक प्रार्थना देशासाठी पडलेल्यांकरिता करावी, आणि दुसरी सीमेपलीकडे पडलेल्यांकरिता. पहिली प्रार्थना आपल्या ओठांवर सहज येते. दुसरी येण्यास वेळ लागला तरी चालेल. पण ती आली पाहिजे.