महिन्याची जमा बाजू

कॉमर्स शिकत असल्यामुळे असेल, पण या कार्तिकात मी रोज रात्री वहीत दिवसभराचे आनंद ‘जमा’ करू लागले. मेट्रोत एका आजींनी सरकून दिलेली जागा, अनुवादात अडलेला आणि पहाटे अचानक सुचलेला शब्द, आईने पाठवलेला फराळ (तो दोन दिवसांत संपला!). ‘नावे’ची बाजू मात्र मी कोरीच ठेवली होती.

महिनाअखेरीस चांदणी चौकातील सीसगंज गुरुद्वारात गेले. १६७५ साली गुरू तेगबहादूर यांनी इथे प्राण दिले, तेही काश्मिरी पंडितांच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या श्रद्धेसाठी. गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत, म्हणून मला तिथे परके वाटत नाही. पण त्या दिवशी हात जोडताना संकोच वाटला. घरच्यांपासून काही लपवून मानलेले आभार खरे कसे?

त्या धैर्यापुढे माझी गोष्ट अगदीच क्षुल्लक. रात्री बाबांना फोन केला आणि सांगितले, “एका पेपरात नापास झाले आहे. महिना झाला.”

बाबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “जेवलीस का?”

हे कोणत्या बाजूला लिहावे, कळेना.