धरणे आणि सोडणे

आमच्या वाटण्या २०१९ च्या दिवाळीनंतर झाल्या. शेत, विहीर, भांडीकुंडी सारे विभागले. वडिलांचा जुना ट्रॅक्टर तेवढा गोठ्याशेजारी उभा राहिला. दादांनी वापरावा तर मला राग, मी वापरावा तर दादांना. चार पावसाळे असेच गेले.

२०२३ साली रब्बीच्या नांगरटीसाठी मीच तो सुरू केला. इंजिन लागले, पण गिअर पडेना. क्लच जाम!

मिस्त्री म्हणाला, "मोडले काही नाही. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लचप्लेट दाबलेली असते. ओल शिरली, गंज चढला, चिकटली. ठेवतानाच पेडल दाबून लाकडाचा ठोकळा लावला असता, तर मध्ये फट राहिली असती."

धरून ठेवणे हा आपण मोठा गुण मानतो. पण क्लच धरतो कामासाठी आणि सोडतो तोही कामासाठीच. ज्याला सोडता येत नाही, त्याच्या धरण्याला निष्ठा म्हणावे की गंज?

मिस्त्रीने हातोडा उचलला नाही. इंजिन चांगले तापवून बंद केले आणि मोकळ्या रानात गिअर टाकूनच पुन्हा सुरू केले. क्लच दाबलेला, तरी ट्रॅक्टर धावतच होता. मधूनमधून तो ब्रेक मारी. पाचव्या फेरीला 'खट्' झाले. चाके थांबली, इंजिन चालत राहिले.

बांधावर दादा उभे होते. मी म्हणालो, "दादा, पहिले तास तुमच्या रानात."

ते काही बोलले नाहीत. बांध ओलांडून आले, एवढेच.